खऱ्या मापाचे पक्षी

सोमवारी सकाळी साडेनऊ वाजता माझ्या फरश्यांच्या दुकानात गरुड आला. लवॉन क्विस्टने तो पडद्याच्या दांडीला गुंडाळून आणला होता. दांडीचं एक टोक तिच्या हातात, दुसरं अजून बाहेर फुटपाथवर. "आर्लन, धर की जरा," ती म्हणाली, आणि आम्ही दोघांनी मिळून तो काउंटरवर उलगडला. काउंटर संपला तरी गरुड संपेना. पांढरं डोकं, पिवळी चोच, आणि पंखाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत ऐंशी इंच.

"पुस्तकात बघून केलाय," लवॉन म्हणाली. "मादी केली. माद्या मोठ्या असतात."

हा गरुड एवढा का झाला, हे आख्ख्या गावात एकाच माणसाला माहीत होतं, आणि तो माणूस काउंटरच्या मागे उभा होता.

झालं होतं असं. आमच्या ऑर्फाबाई गाव सोडून चालल्या होत्या. वय अठ्ठ्याऐंशी. मिनेसोटातला हिवाळा आता त्यांच्या गुडघ्यांना झेपेना, म्हणून बर्फ पडायच्या आत मुलीकडे ॲरिझोनाला. आमच्यातल्या निम्म्या गावाला त्यांनी रविवारच्या शाळेत बायबल शिकवलंय. तळ्याकाठच्या त्यांच्या खिडकीबाहेर दाण्याची परडी टांगलेली असते, आणि चाळीस वर्षं कुठला पक्षी कधी आला ते त्या वहीत लिहून ठेवतात. तेव्हा चर्चच्या महिला मंडळाने ठरवलं की बाईंना पक्ष्यांची गोधडी द्यायची. एकवीस बायका, प्रत्येकीने एका चौकोनावर एक पक्षी शिवायचा. ते सगळे जोडून गोधडीची वरची बाजू करायची माझ्या बायकोने, बेव्हने. मग रविवारी प्रार्थना झाल्यावर चर्चच्या तळघरात सगळ्यांनी मिळून त्यावर दोऱ्याच्या गाठी मारायच्या आणि बाईंच्या हातात द्यायची.

बायकांना द्यायच्या चिठ्ठ्या टाइप करायचं काम बेव्हने मला सांगितलं. "साडेबारा इंचाचा चौकोन लिही. बारा नाही हं, साडेबारा. अर्धा इंच शिवणीत जातो." मी हो हो म्हटलं. मी तीस वर्षं हो हो म्हणतोय.

आता त्याच आठवड्यात लवॉनने काय केलं होतं, ते सांगायला हवं. ही मंडळाची अध्यक्षा. आम्ही पहिलीपासून एका वर्गात, आणि पहिलीपासून ही पर्समध्ये मोजपट्टी घेऊन फिरते. चर्चच्या बायकांच्या बाथरूमला मी फरश्या बसवून दिल्या. फुकट. चार दिवस गुडघ्यांवर. तर ही आत गेली, बाहेर आली आणि कॉफी पीत उभ्या असलेल्या तीस माणसांसमोर म्हणाली, "आर्लन, बेसिनखालचा एक सांधा बाकीच्यांपेक्षा इंचाचा आठवा भाग जास्त आहे. तसं काही नाही, पण नजरेला लागतं." बेसिनखालचा! तिथे नजर लागायला माणसाला आधी आडवं पडावं लागतं.

म्हणून चिठ्ठी टाइप करताना मी 'साडेबारा इंच' खोडलं आणि लिहिलं: 'प्रत्येक पक्षी खऱ्या मापाचा असावा.' खाली बेव्हचं नाव. म्हटलं, लवॉन तासाभरात बेव्हला फोन करील, दोघी गोंधळतील, मग मी पुढे होईन, सगळे हसतील. साधा हिशेब. चर्चमध्ये सभासदांच्या टपालाचे कप्पे आहेत, आमचा सोडून बाकी सगळ्यांत सरसकट एकेक चिठ्ठी कोंबली आणि मासे पकडायला गेलो.

फोन आलाच नाही. इथेच माझं चुकलं, आणि सत्तावन्न वर्षं याच गावात काढून चुकलं म्हणजे कमाल आहे. आमच्याकडे कोणी कोणाला विचारत नाही. विचारलं तर समोरच्याला वाटेल आपण त्याची चूक काढतोय. शेजाऱ्याच्या छपराला आग लागली तरी आमचा माणूस दार वाजवून आधी हवापाण्याचं बोलेल. आणि एखादी गोष्ट अजिबात आवडली नाही, तर तोंडावर एवढंच म्हणेल, "वेगळंच आहे." हे आमच्याकडचं सर्वांत कडक वाक्य. यापुढे फक्त हाणामारी.

तर बेव्ह सोडून वीस सुशील बायकांनी चिठ्ठी वाचली, पुस्तकं काढली, पट्ट्या काढल्या आणि महिनाभर घरोघर खऱ्या मापाचे पक्षी शिवले.

सोमवारी संध्याकाळपर्यंत सगळे पक्षी आमच्या बैठकीत. साडेतीन इंचाचा हमिंगबर्ड, पाकिटातून आलेला. पाच इंचाची, चिमणीसारखी चिकडी. चार फुटी करकोचा. तीन फुटांचा टर्की, तोही पिसारा फुलवून, कारण शिवणाऱ्या बाईला राहवलं नाही. तळ्यातला लून, घुबड, दोन जातींचे सुतारपक्षी. आणि या सगळ्यांत एकच पक्षी साडेबारा इंचाच्या चौकोनात काठोकाठ भरलेला: बेव्हचा रेन. खरा रेन माझ्या अंगठ्यापेक्षा थोडा मोठा असतो. हा कोंबडीएवढा दिसत होता.

लवॉन त्याच्यापुढे थांबली. मोजपट्टी बाहेर. "बेव्ह," ती हळूच म्हणाली, "तुझा… वेगळाच आहे."

बेव्हच्या मानेवर लाल डाग चढताना मला दिसले. ती लवॉनकडे बघून हसली, सगळ्यांना दारापर्यंत पोचवून आली, दार लावलं आणि माझ्याकडे वळली.

"चिठ्ठी दाखव."

दाखवली. तिने वाचली. पुन्हा वाचली. खाली स्वतःचं नाव बघितलं.

"आर्लन, त्या लवॉनने सहा फूट आठ इंच गरुड शिवलाय."

"मादी आहे ती."

"या बायकांना कळलं ना की महिनाभर डोळे फोडले ते तुझ्या थट्टेपायी, तर मला त्या मंडळात कॉफीसुद्धा कोणी ओतणार नाही. आणि रविवारी बाईंच्या हातात काय ठेवायचं? पाखरांचं गाठोडं?"

"अगं, जोडून टाकू. त्यात काय आहे? फरशी बसवण्यासारखंच तर आहे. फक्त कापडाची."

हे वाक्य मी तीस वर्षांत बरेचदा बोललोय. या वेळी तिने ते झेललं.

"छान," बेव्ह म्हणाली. "मग बसव. मशीन तिथे आहे. मी बोटही लावणार नाही. मी बसते आणि बघते."

आणि ती खरंच खुर्ची ओढून, कॉफी घेऊन बसली.

मंगळवारी मी लवॉनला सहज सुचवलं की गरुडाच्या पंखांची टोकं थोडी, अगदी थोडी, छाटली तर? ती पांढरी पडली. मंडळाच्या नियमावलीत कलम आहे म्हणाली: सभासदाच्या चौकोनाला कात्री लावायची नाही. फार पूर्वी कोणीतरी कोणाच्या तरी कार्डिनल पक्ष्याचा तुरा मापात बसेना म्हणून कापला होता. त्यानंतर ती दोन घराणी अकरा वर्षं चर्चमध्ये एका बाकावर बसली नाहीत. कलम बदलायचं तर ठराव, अनुमोदन, आणि दोन बैठकांमध्ये तीस दिवसांचं अंतर.

"बाई रविवारी जातायत," मी म्हटलं.

"नियम नियम आहे," लवॉन म्हणाली. "सांध्यांसारखं."

एवढे पक्षी मांडायला घरात जागा नाही. म्हणून चर्चचं तळघर मागायचं ठरवलं. त्यासाठी अर्ज लागतो. अर्जावर इमारत समितीच्या अध्यक्षाची सही लागते. इमारत समितीचा अध्यक्ष मी. वाटलं, सुटलो. पण अर्जाच्या तळाला बारीक अक्षरात लिहिलंय की अध्यक्षाने स्वतःच्या अर्जावर स्वतः सही करू नये. हा नियम कोणी घातला म्हणून मी जुनी कागदपत्रं चाळली. मीच घातला होता. आधीचा अध्यक्ष दर शनिवारी तिथे स्वतःचं ट्रॅक्टरचं इंजिन उघडून बसायचा, म्हणून. शेवटी उपाध्यक्षाला गाठलं. तो मका कापत होता. त्याने यंत्रावरून न उतरता पाऊण तास मक्याबद्दल सांगितलं आणि मग माझ्या पाठीवर कागद ठेवून सही केली.

बुधवारी तळघराच्या फरशीवर मी पक्षी मांडले. आणि सांगतो, सुरेख मांडले. शेवटी कारागीर आहे मी. सगळ्यात मोठा माल आधी: वरच्या बाजूला गरुड आडवा, डावीकडे करकोचा उभा, उजवीकडे खाली टर्की. मधल्या जागेत लहान पाखरं, आणि उरलेल्या फटींत आकाशी कापडाच्या पट्ट्या. चौऱ्याऐंशी इंच रुंदी, काटेकोर. प्रत्येक दोन तुकड्यांमध्ये इंचाच्या आठव्या भागाचा सांधा, अगदी एकसारखा. लवॉनने आडवं पडून बघावं असा.

शेजारचा मर्ल डोकावला. हा शिकारी माणूस. फरशीभोवती दोन चकरा मारून टर्कीपाशी उकिडवा बसला.

"याची छातीवरची दाढी आखूड आहे."

"कापडाचा आहे तो, मर्ल."

"मी फक्त सांगितलं. लांब दाढीचा असता तर म्हातारीला जास्त आवडला असता." मग गरुडाकडे हनुवटी उडवली. "हा नाही मावायचा."

"मावलाय. समोर दिसतोय की."

"दिसतोय खरा," मर्ल म्हणाला आणि निघून गेला. जाता जाता जिन्यावरून हसण्याचा आवाज आला. मला वाटलं खोकला असेल.

गुरुवारी सकाळी शिवायला घेणार, तोच वरून पायांचे आवाज. अंत्यविधी! पलीकडच्या गावच्या एका आजोबांचा. मी चर्चच्या कार्यक्रमांच्या फळ्यावर बघितलं नव्हतं. विधीनंतरचं जेवण कुठे, तर तळघरात. दोनशे माणसं काळ्या कपड्यांत, हातात हॅम सँडविचच्या बश्या घेऊन जिना उतरली आणि माझ्या पक्ष्यांच्या काठाने शिस्तीत गोल उभी राहिली. दुःखातली माणसं, त्यांना हाकलणार कसं? आणि त्यांनाही मन दुसरीकडे लावायला काहीतरी हवंच होतं.

"घुबड आणि चिकडी शेजारी ठेवलीत?" एक आजी म्हणाल्या. "खाऊन टाकील ना ते." आणि चपलेच्या टोकाने घुबड सरकवलं.

"करकोचा तळ्याकडे तोंड करून हवा," वारलेल्या आजोबांचा भाऊ म्हणाला. "एरलेंडला असलं वाकडं चाललं नसतं." आता मेलेल्या माणसाचं मन कोण मोडणार? करकोचा फिरला. त्याच्यासाठी लून हलला. लूनसाठी दोन्ही सुतार. तासाभरात मी मांडलेला एकही पक्षी जागेवर नव्हता, आणि एक म्हातारे गृहस्थ वर मला म्हणाले, "आता कसं बसलं बघ!"

सगळे गेल्यावर मोजलं. वीस पक्षी. पुन्हा मोजलं. वीसच.

बेव्हचा रेन नव्हता. टेबलांखाली बघितलं, भांड्यांच्या कपाटात बघितलं. शेवटी स्वयंपाकघरात भांडी पुसणाऱ्या बाईंना आठवलं. "तो जाडसर चौकोन होय? ओव्हनमधून काढलेलं हॉटडिशचं भांडं तापलेलं होतं ना, त्याच्याखाली ठेवला होता. भांड्याच्या मापाचाच होता बघ. एरलेंडची भाची घेऊन गेली. भांडं तिचंच."

"कुठे राहते भाची?"

"फार्गोला. पलीकडच्या राज्यात."

एकवीस पक्ष्यांत एकच योग्य मापाचा, आणि तोच तेवढा फार्गोला गेला.

बेव्हला हे सांगताना मी दारातच उभा राहिलो, पळायला बरं. ती ऐकत राहिली. हॉटडिशपर्यंत आलो तेव्हा तिचे ओठ हलायला लागले. फार्गोला पोचलो आणि ती एकदम फुटली. चार दिवसांत पहिल्यांदा हसली, डोळे पुसत, खुर्चीचा हात धरून. "कोंबडी उडाली!" एवढंच पुन्हा पुन्हा. मग ॲप्रन तोंडाला लावून म्हणाली, "तरी मी मदत करणार नाहीये."

शुक्रवार आणि शनिवार मी मशीन तळघरात नेऊन शिवलं, बेव्ह मागे खुर्चीत. मशीन चालवणं अवघड नाही. माझं टाइल कापायचं यंत्र यापेक्षा जास्त तापतं. तुकड्याला तुकडा, पट्टीला पट्टी. रेनच्या जागी साधं आकाशी कापड लावलं. लहान तुकड्यांचे पट्टे जोडून झाले, गरुड तेवढा वर जोडायचा राहिला. शनिवारी दुपारी बाकी सगळं जमिनीवर पसरलं, गरुड वर ठेवला आणि मी तसाच उकिडवा बसून राहिलो.

गोधडी आकसली होती. चौऱ्याऐंशीची सत्तर इंच झाली होती. गरुड दोन्ही बाजूंनी पाच-पाच इंच बाहेर, दारात अडकलेल्या जाड्या माणसासारखा.

मोजपट्टी बदलून मोजलं. सत्तर. कापड ओढून मोजलं. सत्तर. मग मागून कॉफीचा घोट घेतल्याचा आवाज आला.

"आर्लन," बेव्ह म्हणाली, "फरश्यांच्या मध्ये सांधा असतो. तो जागा घेतो, बरोबर?"

"बरोबर."

"आणि कापडाच्या मध्ये शिवण असते. ती काय करते?"

मी कड उलटून शिवण बघितली.

"अर्धा इंच," ती म्हणाली. "प्रत्येक जोडाला अर्धा इंच शिवणीत जातो. मी सांगितलं होतं. तू हो हो म्हणालास."

तेवीस जोड होते आडवे. वर माझे लाडके सांधे, तेही शिवणीत बुजलेले. चौदा इंच गोधडी मी शिवणीत घालवली होती. तीस वर्षं ज्या कामाला 'त्यात काय आहे' म्हटलं, ते काम मला समोर बसवून अंकगणित शिकवत होतं.

"ॲरिझोनात ऊन असतं," मी म्हटलं. "आकसलेली चालेल."

बेव्हने कप खाली ठेवला. मग काही न बोलता माझ्या शेजारी गुडघ्यांवर बसली, गरुडाची वरची कड हातात घेतली आणि टाचण्या मारायला लागली. "पंख बाहेर राहू दे," म्हणाली. "कडा दुमडून मागून अस्तर लावू. कात्री लावायची नाही ना? नाही लावणार. तू टर्कीची बाजू धर. ओढू नकोस."

रविवारी तळघरात गच्च माणसं. चौकटीवर गोधडी ताणलेली, बाजूला लेमन बार आणि पातळ कॉफी. चौकट आयताकृती, गोधडीला दोन कान. लोक आत यायचे, बघायचे, कॉफीकडे जायचे.

"वेगळंच आहे," एक जण म्हणाला.

"वेगळंच आहे," दुसरी म्हणाली.

बेव्ह माझ्या शेजारी ताठ उभी होती. तिने माझा हात धरला होता, म्हणजे नखं रुतवली होती. लवॉन गरुडाच्या बाहेर आलेल्या पंखाकडे बघत होती. पर्सची चेन उघडली. मोजपट्टी अर्धी बाहेर आली.

"बेव्ह," ती म्हणाली, "मी मुद्दाम विचारत नाहीये, पण ते खऱ्या मापाचं… म्हणजे ते नक्की कोणाच्या डोक्यात…"

लवॉन विचारत होती! आमच्या गावात! मर्लने चघळणं थांबवलं.

तेवढ्यात ऑर्फाबाई काठी टेकत पुढे आल्या. इवलीशी बाई, माझ्या छातीलाही लागत नाही. त्यांनी चष्मा कपाळावर चढवला, गोधडीवर वाकल्या आणि हमिंगबर्डवर तळहात ठेवला. मग तो हात सावकाश चिकडीवर, सुतारावर, लूनवर. खिडकीत बसून चाळीस वर्षं बघितलेले, तेवढेच, त्याच मापाचे.

"आता माझे डोळे गेले," बाई म्हणाल्या. "चित्रं मला दिसत नाहीत गं नीट. पण हात ठेवला की कळतं कोण आहे ते. बेव्ह, हे तुझ्याच डोक्यातून निघालं असणार. दुसऱ्या कोणाला सुचलं नसतं." आणि हे बोलताना बघत होत्या माझ्याकडे. सरळ.

लवॉनची मोजपट्टी पर्समध्ये परत गेली. आणि बेव्हची नखं माझ्या हातातून निघाली.

"आणि हे कान?" बाईंनी पंखाचं टोक धरून ओढून बघितलं. "बरे आहेत. पलंगावर ओढून घ्यायला." मग त्यांचा हात आकाशी रिकाम्या चौकोनावर आला आणि थांबला. "इथे कोण आहे?"

सगळ्यांनी माझ्याकडे बघितलं. फार्गोचं सांगण्याची ती वेळ नव्हती.

"उडून गेला, बाई," मी म्हटलं.

बाईंनी हात तिथेच ठेवला.

"म्हणजे ही मी," त्या म्हणाल्या. "राहू दे तसंच. भरू नका."

सगळ्यांनी सुया घेतल्या आणि गाठी मारायला लागले. मर्लसुद्धा. तो टर्कीला मारत होता.

बाईंनी मला बाजूला बोलावलं. हातातल्या पिशवीतून एक चौकोन काढला. त्यावर स्टार्लिंग. काळा, अंगभर ठिपके, कोणालाच न आवडणारा पक्षी. टाके वाकडे होते, पण पक्षी साडेआठ इंच, खऱ्या मापाचा.

"बाई, हा तुम्ही…?"

"चिठ्ठी आली होती ना मला. माझ्या कप्प्यात."

सरसकट सगळ्यांच्या कप्प्यांत कोंबल्या होत्या मी. बाईंच्याही.

"सगळं आधीपासून माहीत होतं तुम्हाला?"

"आर्लन, मी तुला रविवारच्या शाळेत सहा वर्षं शिकवलंय. चिठ्ठी कोणाची हे कळायला मला खालचं नाव वाचावं लागत नाही." त्यांनी स्टार्लिंग माझ्या हातात ठेवला. "आठवतो का हा?"

आठवतो. मी दहा वर्षांचा असताना नाताळच्या कार्यक्रमात मेंढपाळाच्या झग्याखालून मी एक जिवंत स्टार्लिंग चर्चमध्ये सोडला होता. तो पास्टरांच्या डोक्यावर बसला, आणि नुसता बसला नाही. बाईंनी तेव्हा सगळ्यांना सांगितलं की चूक त्यांची, खिडकी त्यांच्याकडून उघडी राहिली. सत्तेचाळीस वर्षं मी समजत होतो की त्यांना खरंच तसं वाटलं.

"डिसेंबर होता, गाढवा," बाई म्हणाल्या. "डिसेंबरात कोण खिडकी उघडी ठेवतं? हा तुझ्यासाठी. आणि माझ्या खिडकीबाहेरच्या परडीत दाणे टाकत जा."

रोज टाकतो. स्टार्लिंग चौकटीत घालून दुकानात काउंटरमागे लावलाय.

परवा लवॉन स्वयंपाकघराच्या फरश्या बघायला आली. भिंतीकडे बराच वेळ बघत उभी राहिली.

"वेगळंच आहे," म्हणाली.

"खऱ्या मापाचा आहे," मी म्हटलं. "मोजून बघ हवं तर."

तिने पर्स उघडली, मोजपट्टी काढली आणि काउंटरवर चढली.